पिशवीच्या तोंडाची तपासणी: पहिली फेरी आणि दुसरी फेरी

सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची, कर्करोगासाठीची तपासणी दहा मिनिटांत होते. पैसे लागत नाहीत आणि निकाल टेबलावरून उतरायच्या आत कळतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के जणींनी ती कधीतरी करून घेतलेली होती. शंभरात दोघीही नाहीत. आणि ज्या येतात, त्यांच्यातल्या ज्यांना पुढच्या दवाखान्यात पाठवलं जातं, त्यांतल्या बऱ्याच जणी तिथवर पोचतच नाहीत. चिठ्ठी कपाटात पडून राहते. तपासणीचा सगळा उपयोग तर त्या दुसऱ्या फेरीत आहे. म्हणून पहिल्या फेरीला निघतानाच दुसरीचा हिशोब करून ठेवायचा.

घाई नको, पण टाळाटाळही नको, असं म्हणायला कारण आहे. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात. या बदलापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढ्या काळात दुखत नाही, रक्त जात नाही, काहीच कळत नाही. काही त्रास नसताना जायचं ते यासाठीच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू होतात. यातले बहुतेक त्या मधल्या वर्षांत टाळता आले असते.

कोणी जायचं, कोणी थांबायचं

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा धरलेली आहे. लग्न झालेलं असो, नवरा वारलेला असो, पाळी गेलेली असो, नसबंदी झालेली असो, कॉपर टी बसवलेली असो, तपासणी होते. एचआयव्ही असलेल्या बाईत पेशींचा बदल फार लवकर पुढे सरकतो. तिने पंचविशीतच सुरुवात करावी आणि पाच वर्षं थांबू नये, एआरटी केंद्रातच, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथेच, विचारावं.

गरोदर असाल तर बाळंतपणानंतर तीन महिने जाऊ द्या. पाळी चालू असेल तर ती थांबल्यावर जा. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहावा ते विसावा दिवस उत्तम. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा मलम नको, आत पाणी घालून धुणं नको. यातलं काही झालं असेल तर सिस्टरला सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पिशवी काढलेली असेल तर कागद बघावा लागतो. तोंडासकट सगळी पिशवी काढली असेल, आणि ती कर्करोगासाठी किंवा कर्करोगाआधीच्या बदलासाठी काढलेली नसेल, तर ही तपासणी लागत नाही. पण कधीकधी तोंड आतच राहिलेलं असतं आणि बाईला ते सांगितलेलं नसतं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर सिस्टर स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं उपकरण, लावून एका नजरेत सांगू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचा अपवाद. संबंधानंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जात असेल, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, किंवा घाण वासाचं पाणी अंगावरून जात असेल, तर चाळणी तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका. ही तपासणी त्रास नसलेल्या बायकांसाठी आहे. त्रास असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, आणि व्हीआयए, म्हणजे हीच तपासणी, निगेटिव्ह आली असली तरी जायचं.

दिवस कसा निवडायचा

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न शेतीच्या पंचांगाने सुटतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बाईला एक खाडा परवडत नाही. मग लगेच खरड छाटणी. इथल्या बायकांना ऑगस्ट-सप्टेंबर बरा. पेठ-सुरगाण्यात तेव्हा भाताची आवणी नुकतीच उरकलेली असते आणि दिवाळीनंतर घरं रिकामी होऊन माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात. अशांनी एकच नियम पाळावा: तपासणीनंतर किमान चार आठवडे जिथे मुक्काम असणार आहे, तिथल्या केंद्रात तपासणी करायची. मळ्यावर राहत असाल तर मळ्याजवळच्या आरोग्य केंद्रात करा, गावी परत जाण्याची वाट बघू नका. गावात तपासणी, आठ दिवसांनी स्थलांतर, आणि पुढची तारीख कळवायला आशाताईकडे पत्ताच नाही. दुसरी फेरी बुडते ती बहुतेक वेळा अशी. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी दुसऱ्या शिफ्टचा आठवडा धरावा, सकाळची ओपीडी मोकळी सापडते.

शिबिर की केंद्रातला ठरलेला दिवस? जमलं तर ठरलेला दिवस. शिबिरात गर्दी जमते आणि मैत्रिणींच्या सोबतीने भीड चेपते हे खरं. पण सकाळपासून शंभर बायका रांगेत असल्या की स्पेक्युलम कमी पडतात, एकेकीला मिळणारी मिनिटं आखडतात, समाजमंदिरात उजेड धड नसतो आणि पुढे पाठवलेल्या बाईचा पाठपुरावा कोणाकडे ते स्पष्ट नसतं. शिबिरालाच जावं लागलं तर उठण्याआधी एक प्रश्न विचारा: “पॉझिटिव्ह आलं तर मी कोणाला भेटायचं, कुठे आणि कोणत्या वारी?” याचं नेमकं उत्तर मिळालं तर शिबिर चांगलं.

आशाताईचा फॉर्म

सुरुवात घरातच होते. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा फॉर्म भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातल्या आजारांना गुण आहेत. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला आधी बोलावतात. गुण कमी आले म्हणजे सुटलात असं नाही, तपासणी तीशीपुढच्या सगळ्यांचीच आहे.

तंबाखूच्या प्रश्नाला बायका हमखास “नाही” म्हणतात आणि रोज सकाळी मिश्री लावतात. मिश्री तंबाखूच आहे. तोंडाचा कर्करोगही याच भेटीत बघतात, त्यामुळे ते सांगणं तुमच्याच उपयोगाचं. फॉर्मच्या दुसऱ्या भागात लक्षणं विचारतात: स्तनात गाठ, बोंडातून रक्त, दोन पाळ्यांमध्ये रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव. सासू-जाऊ शेजारी बसलेल्या असताना याची खरी उत्तरं कोण देणार? आशाताईला म्हणावं, “ताई, हे मी तुला नळावर भेटून सांगते.” तिला याची सवय असते.

मोबाईल नंबरची रकानाभर गोष्ट पुढे फार महाग पडते. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा सरकारी क्रमांक, काढताना ओटीपी येतो, आणि तो नंबर बहुधा नवऱ्याचा असतो. नवरा बाजार समितीत, ओटीपी त्याच्याकडे, बाई केंद्रात. आभा काढणं ऐच्छिक आहे, त्यासाठी तपासणी अडवून धरू नका. पण केंद्राच्या रजिस्टरमध्ये जो नंबर लिहाल तो तुम्ही स्वतः उचलता असाच द्या. पुढे तपासायला तुकडा घेतला, तर त्याचा रिपोर्ट आल्याचा फोन त्याच नंबरवर येणार आहे, आणि तो आधी कोणाच्या कानावर पडावा हे तुम्हीच ठरवायचं.

टेबलावर काय होतं

तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रशिक्षित सिस्टर, एएनएम (उपकेंद्राची नर्स) किंवा सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) करते. शहरात महापालिकेच्या दवाखान्यांत आणि नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं झाकीर हुसेन यांसारख्या रुग्णालयांत चौकशी करावी. बाई तपासनीस हवी हे केसपेपर काढतानाच सांगा. आत गेल्यावर सांगितलं तर पुन्हा रांग. मालेगावात किंवा इतरत्र कोणाला भाषेची अडचण असेल तर आशाताईलाच सोबत आत यायला सांगावं.

लघवी करून जा, भरलेल्या मूत्राशयाने दाब जास्त जाणवतो. साडी किंवा लांब कुर्ता सोयीचा. कमरेखालचंच कापड सोडावं लागतं आणि वरून चादर मिळते. मिळाली नाही तर मागा. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे. स्पेक्युलम हे बदकाच्या चोचीसारखं धातूचं उपकरण आत सरकवून हळू उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. पाळी गेलेल्या किंवा मूल न झालेल्या बाईने लहान मापाचं मागावं आणि ते कोमट पाण्यात ओलं करून घ्यायला सांगावं. दुखण्याचं मोठं कारण म्हणजे मांड्या आवळून धरणं; तोंडाने सावकाश श्वास सोडत राहिलं की स्नायू सैल पडतात. खूपच दुखलं तर “थांबा” म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

मग कापसाच्या बोळ्याने स्राव पुसून ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचं पाणी लावतात, साध्या भाषेत तीव्र व्हिनेगर. थोडी आग होते, मिनिटात जाते. बदललेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात, ती ॲसिडने गोठतात आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. हीच व्हीआयए.

चुका होतात त्या इथे. सीएचओ आणि सिस्टर यांच्यासाठीही हे लिहीत आहोत. पहिली चूक द्रावाची: पाच टक्के द्राव बनवताना ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मिली शुद्ध पाण्यात घालायचं असतं, आणि तो रोज ताजा लागतो. कालचा पातळ द्राव वापरला तर पांढरा डाग फिका पडतो आणि आजार सुटून जातो. उलट, बाटली ओळखण्यात गफलत होऊन न मिसळलेलं ॲसिड लागलं तर गंभीर भाजतं. म्हणून ग्लेशियलची बाटली तपासणीच्या ट्रेवर ठेवायचीच नाही. दुसरी चूक वेळेची. बोळा लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं. गर्दीत वीस सेकंदांत बघून उरकतात. झोपलेल्या बाईने मनात साठ आकडे मोजायला काहीच हरकत नाही. तिसरी उजेडाची: वीज गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर निदान करू नये, बाईला बसवून ठेवावं किंवा बॅटरीचा हॅलोजन दिवा वापरावा. वापरलेलं स्पेक्युलम आधी ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात (लिटरभर पाण्यात तीन सपाट चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, ब्लीचिंग पावडर) दहा मिनिटं, मग साबणाने घासून, मग ऑटोक्लेव्ह किंवा वीस मिनिटं उकळणं. दिवसाला वीस बायका असतील तर स्पेक्युलमही त्याच हिशोबात हवेत, नाहीतर उकळण्याची मिनिटं कमी होऊ लागतात.

पन्नाशीनंतर एक अडचण निसर्गाचीच आहे. ज्या कडेवर आजार सुरू होतो ती कड वयाबरोबर आत सरकते आणि डोळ्याला दिसेनाशी होते. तेव्हा “कड दिसली का?” असं विचारावं. दिसली नसेल तर त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. पॅप (पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा एचपीव्ही (विषाणू शोधणं) चाचणीसाठी पुढे पाठवायला सांगा.

निकाल

निगेटिव्ह, पॉझिटिव्ह, आणि कर्करोगाची शंका, असे तीन निकाल असतात. तिसऱ्यात गाठ, जखम किंवा हात लागताच रक्त येणारा भाग साध्या डोळ्यांनाच दिसलेला असतो. त्या बाईने त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालय गाठायचं. कधीकधी “सूज आहे” म्हणून आधी औषध देतात आणि पुन्हा बोलावतात. ते औषध संपल्यावर पुन्हा जाणं हा तपासणीचाच भाग आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो. सूज, जुना संसर्ग, बरी होत असलेली जखमही पांढरी दिसते. आणि विषाणू नेमका कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, तो वीस वर्षांपूर्वीचाही असतो. या निकालावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊन घरात भांडण काढणाऱ्याला हे एवढंच सांगावं.

निगेटिव्हचाही अर्थ नीट समजून घ्या. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात व्हीआयए दर दोन वर्षांनी चार वेळा केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निकाल २०१४ मध्ये आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००९ चा: एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठोस फरक पडला नाही, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मात्र ते जवळपास निम्म्यावर आले. दोन्ही एकत्र वाचले तर व्हीआयए पुन्हापुन्हा केली तरच कामाची. कार्यक्रमात पाच वर्षांचं अंतर आहे, जागतिक आरोग्य संघटना व्हीआयएसाठी तीन वर्षं सांगते. आमचं मत तीन वर्षांकडे. एचपीव्ही चाचणी कुठे मिळत असेल आणि परवडत असेल तर ती सरस आहे, आणि निगेटिव्ह आली तर पाच ते दहा वर्षं निवांत.

दुसरी फेरी

पॉझिटिव्ह निघाल्यावर केंद्रातून हात हलवत निघायचं नाही. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: तारीख, निकाल, डाग कुठे आहे त्याचं गोल काढलेलं चित्र, आणि कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी जायचं. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून आशाताईलाही पाठवा.

तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी, होते का ते आधी फोन करून विचारा. यंत्र असतं आणि डॉक्टर रजेवर असतात. नाहीतर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, किंवा मालेगाव बाजूच्यांना तिथलं सामान्य रुग्णालय. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सुरगाण्याहून पहिली गाडी पकडूनही ओपीडीच्या केसपेपरची वेळ चुकू शकते. आदल्या दिवशी नाशकात नातेवाइकाकडे मुक्काम करता आला तर बरं. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, चिठ्ठी, चालू औषधांची पाकिटं आणि एक पॅड न्या. पाळीची तारीख आड येत नाही ना, ते बघून वार ठरवा.

कोल्पोस्कोपीत तोच भाग भिंगातून मोठा करून बघतात आणि शंका आली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखं वाटतं, दोन-तीन दिवस थोडं रक्त जातं. त्या काळात संबंध नको, जड उचलणं नको. रिपोर्टवर सीआयएन १, २ किंवा ३ असं लिहून येतं, या कर्करोगाआधीच्या बदलाच्या पायऱ्या. एकवर बहुधा फक्त लक्ष ठेवतात, तो अनेकदा आपोआप जातो. दोन आणि तीनवर उपचार लागतो.

इथे एक इशारा ठामपणे देतो. पांढरं जातं किंवा व्हीआयए पॉझिटिव्ह आली एवढ्यावर कोणी “पिशवीच काढून टाकू” म्हणालं, तर तुकड्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत सही करू नका. कर्करोगाआधीच्या बदलाला सहसा पिशवी काढावी लागत नाही. आणि आत खरोखर कर्करोग असेल तर साधं पिशवीचं ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो.

उपचार छोटे आहेत. डाग संपूर्ण दिसत असेल, आत नळीत गेलेला नसेल आणि तोंडाचा पाऊण भाग व्यापत नसेल, तर क्रायो (गोठवणं) किंवा थर्मल (उष्णता देणं) पुरतं. क्रायोत तीन मिनिटं गोठवतात, पाच मिनिटं वितळू देतात, पुन्हा तीन मिनिटं गोठवतात. थर्मलमध्ये १०० अंशांच्या आसपास तापलेलं टोक अर्ध्या मिनिटापर्यंत टेकवतात. डाग मोठा किंवा आत गेलेला असेल तर लीप: सुन्न करून विजेच्या तारेने तो भाग काढतात. त्याच दिवशी घरी जाता येतं.

क्रायोनंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, कधी लालसर. घाबरायचं नाही. चार आठवडे संबंध टाळा, टाळणं शक्य नसेल तर निरोध. आणि नदीत किंवा कुंडात उतरून स्नान नको. थंडी वाजून ताप, पोटात जोराची कळ, घाण वासाचा पू, पाळीपेक्षा जास्त रक्त किंवा गाठी, यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात.

रिपोर्टमध्ये कर्करोगच निघाला तर शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोग विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची यादी तिथल्या आरोग्यमित्राकडे मागा, त्याला रेशन कार्ड आणि तुकड्याचा मूळ रिपोर्ट लागतो. आजार पुढे गेलेला असेल तर रेडिएशन साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावं लागतं, मध्ये खंड पडला की गुण कमी येतो. त्यामुळे सण, लग्नं, कापणी यांचा विचार उपचार सुरू होण्याआधी करायचा, मधे नाही.

सीआयएनचा उपचार झालेल्यांची पुढची तपासणी वर्षाने. ती तारीख उपचाराच्या दिवशीच केसपेपरवर लिहून घ्या, आणि केसपेपर रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.